कण्याचा संधिवात: गोळी पुरे की इंजेक्शन हवं?

प्रश्न: माझ्या २८ वर्षांच्या मुलाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. पहाटे कंबर आखडते. दुखलं की तो नॅप्रोक्सेन घेतो. डॉक्टर आता बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाचं) इंजेक्शन सुचवतात. त्याआधी मेथोट्रेक्सेट घेऊन पाहावं का? आमच्या ओळखीच्या एका बाईंना त्याने गुण आला.

उत्तर: मेथोट्रेक्सेट नको. त्या बाईंना बहुधा हातापायांच्या सांध्यांचा आमवात असावा. तिथे ते उत्तम चालतं, कण्याच्या सुजेवर नाही. स्टिरॉइडच्या गोळ्यांचंही तेच. सल्फासलाझिन गुडघा-घोटा सुजत असेल तरच.

नॅप्रोक्सेनची मात्र नीट परीक्षाच झालेली नाही. दुखेल तेव्हा एक, याने सूज हटत नाही. ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, जेवणानंतर, सलग दोन ते चार आठवडे घ्यायचं. उतार नसेल तर तेवढेच दिवस दुसरं, उदाहरणार्थ इटोरिकॉक्सिब ९० मिलिग्रॅम रोज एकदा. दोन्ही एकदम नकोत: गुण वाढत नाही, जठर आणि मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि रक्तदाब तपासून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हे करावं.

एवढं करूनही बास्डाय गुणांक (रुग्णाच्या त्रासावरून ० ते १० मध्ये मोजलेली आजाराची तीव्रता) ४ किंवा वर राहिला आणि सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) वाढलेलं असलं, तर इंजेक्शनला उशीर करू नका. अ‍ॅडालिमुमॅब ४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी. डोळा वारंवार लाल होऊन दुखत असेल तर हेच बरं. सेक्युकिनुमॅबही चालतं, पण आतड्याचा दाहक आजार असेल तर ते टाळतात, कारण तो बळावू शकतो. टोफॅसिटिनिबची गोळी सोयीची, पण तिने नागीण उठू शकते. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना शक्यतो देत नाहीत.

आपल्याकडे खरी काळजी दबलेल्या क्षयाची. अ‍ॅडालिमुमॅब सूज पेटवणाऱ्या ज्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला रोखतं, तेच शरीरात क्षयाचे जंतू कोंडून ठेवतं. म्हणून छातीचा एक्स-रे, क्षयासाठी माँटू (त्वचेवरची चाचणी) किंवा आयग्रा (रक्ताची चाचणी), शिवाय हिपॅटायटिस बी आणि सी आधी तपासा. दबलेला क्षय निघाला तर त्याचं औषध सुरू करून साधारण महिन्याने इंजेक्शन. चाचणी निगेटिव्ह आली तरी पुढे ताप, खोकला किंवा वजन घटणं दिसलं, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना गाठा. गुण आला की नाही, हे १२ आठवड्यांनी ठरवायचं.

प्रश्न: अ‍ॅडालिमुमॅबची पेन (औषध भरलेलं तयार इंजेक्शन) एसटीच्या प्रवासात कशी न्यावी?

उत्तर: २ ते ८ अंशांत, मूळ खोक्यासकट. बर्फाची पिशवी आणि खोकं यांमध्ये टॉवेल ठेवा. थेट टेकलं की औषध गोठतं, आणि गोठलेलं औषध वितळलं तरी फेकूनच द्यायचं. टोचण्याआधी १५ ते ३० मिनिटं बाहेर ठेवा. गार औषध जास्त झोंबतं.