वंशवाद म्हणजे नेमकं काय? आर्थिक विषमता संपली की तो आपोआप संपेल का?

नाही संपणार. आमचे साडू दर लग्नामुंजीत मला हेच ऐकवतात, "अहो, हातात पैसा खेळायला लागला की रंग कोण बघतो?" त्यामुळे तुमचा प्रश्न दिसला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

व्याख्या कुठेही मिळेल: वंशावरून, रंगावरून माणसाला कमी लेखणं, वेगळं वागवणं. (हिंदी बातम्यांतला वंशवाद म्हणजे घराणेशाही, तो वेगळा.) मी ३१ वर्षं बँकेत कर्जखात्यात काढली, पण मला वंशवाद कळला तो भाड्याच्या हिशोबातून.

२०१६ साली पुण्यातल्या विमाननगरचा आमचा वन बीएचके रिकामा झाला. भाडं १४ हजार ठरवलं होतं. एजंटने मुलगा आणला तो सुदानचा, फार्मसीला शिकणारा. उंच, अबोल. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र, सगळं फाईलमध्ये नीट लावलेलं. एजंटने मला जिन्यात ओढलं. "काका, ह्याला एकोणीस सांगा. ह्यांना कोणी जागा देत नाही, देईल तो." आणि खरंच, त्याने एक शब्द घासाघीस केली नाही. अकरा ठिकाणी "जागा गेली" ऐकून आलेला माणूस काय घासाघीस करणार?

मग सोसायटी. परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवायचा सी फॉर्म मी चोवीस तासांत भरला होता, पोलिसांत नोंद होती, लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर होतं. तरी मीटिंग लागली. "फॅमिली सोसायटी आहे", "रात्री-अपरात्री कोण कोण येईल", "स्वयंपाकाचा वास". दुसऱ्या मजल्यावरची आयटीतली पोरं दर शनिवारी रात्री दोनपर्यंत स्पीकर लावायची, त्यांचं नाव कोणी काढलं नाही. शेवटी माझ्या फ्लॅटला महिना ५०० रुपये जास्त लावले आणि ते त्यानेच भरायचे असं ठरलं. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, म्हणून नाव दिलं 'सुरक्षा'. ठरावात रंगाबद्दल अवाक्षर नाही.

आता साडूंसाठी हिशोब. भाड्याचे जास्तीचे ५ हजार आणि सुरक्षेचे ५००, अकरा महिन्यांचे झाले ६०,५००. मुलाच्या वडिलांचं तिकडे कापडाचं चांगलं दुकान होतं. म्हणजे पैसा होता. पैसा होता म्हणूनच वसूल करता आला!

अमेरिकेत हेच सरकारी शिक्क्यानिशी झालं. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल केल्या. लाल भागात कर्ज मिळणं मुश्कील. १९६८ मध्ये कायद्याने घरांच्या बाबतीतला भेदभाव बंद केला, पण तोवर गोऱ्यांच्या घरांच्या किमती चढून पुढच्या पिढीकडे गेल्या होत्या. २०२२ च्या त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत संपत्तीच्या क्रमाने लावल्यास बरोबर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर आणि काळ्या कुटुंबाची ४४,९०० डॉलर. ज्याच्याकडे तारण नाही त्याला पुढचं कर्ज नाही, हे मी टेबलाच्या अलीकडून ३१ वर्षं पाहिलंय. ब्रिटनने तर १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी मोडताना २ कोटी पौंड भरपाई दिली, तीही मालकांना. गुलामांना काही नाही.

"जात आणि वंश वेगळे" असं कोणीतरी खाली लिहीलच. २००१ मध्ये डर्बनला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत आपल्या सरकारनेही तेच म्हटलं होतं. पण गंज पेठेत राहणाऱ्या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना. त्यांना नातं दिसलं होतं. घर भाड्याने देताना आडनाव विचारणाऱ्या पुणेकरांनाही ते आतून ठाऊक असतं.

सगळं पुणं असं नाही, हेही लिहितो. वानवडीतल्या माझ्या मित्राकडे नायजेरियाची दोन मुलं चार वर्षं चोख भाड्याने राहिली. आणि साडूंचं एवढं मान्य की पैसा असला तर फटका सोसता येतो. ज्याचे वडील दुकानदार नाहीत त्या मुलाने काय केलं असेल, मला माहीत नाही.

मागच्या मे महिन्यात भाच्याच्या लग्नात हा सगळा हिशोब साडूंपुढे मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते जास्तीचे पाच हजार तुम्ही परत केलेत का?"

मी जिलबी आणायला उठलो.