वाचकांचे प्रश्न : मोफत टॅब, वर्गातली चाचणी

शाळेत नवे डिजिटल साधन आणून कंपनीसोबत ते तपासून पाहण्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी ही चार.

महापे येथील एका कंपनीने आमच्या सातवीच्या एका तुकडीसाठी ४० टॅब आणि गणित सरावाचे ॲप काही महिने मोफत देऊ केले आहे. शाळा सकाळ-दुपार दोन पाळ्यांत भरते. सही करण्याआधी काय पाहावे?
— मुख्याध्यापिका, कळवा

मोफत आहेत ते टॅब. शिक्षकांचा वेळ, मुलांची माहिती आणि शाळेचे नाव मात्र शाळा देते, आणि कंपनीने आणलेल्या मसुद्यात या तिन्हींबद्दल फारसे काही नसते. पुष्कळदा तो विक्रीच्या करारातूनच कातरून काढलेला असतो, त्यामुळे चाचणी संपणार कधी हेही त्यात सापडत नाही. आधी तारीख घाला. सहा ते आठ आठवडे पुरतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर प्रवेश आणि पुस्तकवाटपाची गडबड ओसरलेली असते. जानेवारी-फेब्रुवारी टाळा. तेव्हा तेच शिक्षक शिष्यवृत्ती आणि दहावीच्या तयारीत अडकलेले असतात.

चाचणीनंतर साधन विकत घ्यायचे ठरले तर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला किती, हा आकडा आजच लिहून घ्या. वर्ग रुळल्यावर घासाघीस करायला जागा उरत नाही. एक-दोन काचा फुटणारच असे धरून ४० ऐवजी ४२ टॅब मागा आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा ते ठरवा. पालकांना विक्रीचे फोन जाणार नाहीत आणि शाळेचे नाव जाहिरातीत वापरायचे तर स्वतंत्र लेखी परवानगी लागेल, ही दोन वाक्ये असलीच पाहिजेत.

गणिताचा सराव घेणाऱ्या ॲपला मुलाचे नाव लागत नाही. ‘७अ-०१’ असे क्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कोणाचा ती यादी कपाटात ठेवा. आधार, यू-डायस (शासनाच्या शाळा-नोंदीतला) क्रमांक, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल यांतले काहीही देऊ नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण संमती घेण्यासाठी तोवर थांबण्याचे कारण नाही. नियमांत शाळांना शैक्षणिक कामापुरती काही सवलत आहे, पण तिच्या आडून मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवता येत नाहीत. चाचणी संपल्यावर ३० दिवसांत राखीव प्रतींसह सगळी माहिती पुसल्याचे पत्र मिळेल, हे कलम घाला.

पाळ्यांचा प्रश्न चार्जिंगचा आहे. सकाळची पाळी सुटून दुपारची भरेपर्यंत अर्धा तास मिळतो, तेवढ्यात रिकामा टॅब भरत नाही. चाचणी एकाच पाळीत ठेवा. १५ वॅटचे ४० चार्जर म्हणजे ६०० वॅट, हा भार ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. कंपनीने टॅबऐवजी ६५ वॅटचे लॅपटॉप आणले तर तोच भार २,६०० वॅट, म्हणजे ११ अँपिअरच्या वर जातो. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडला की प्लग वितळतात. पाठ फुगलेला टॅब दिसला तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नका.

टॅब आले, पण तासिकेची पहिली दहा मिनिटे गोल चक्र बघण्यातच जातात. इंटरनेटचा वेग १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) आहे.
— शिक्षक, नेरूळ

वेग पुरेसा आहे. साध्या दर्जाच्या व्हिडिओला टॅबमागे साधारण १ एमबीपीएस लागतो, म्हणजे ४० टॅबना ४०. घोडे अडते ते राऊटरवर. घरगुती राऊटर एकाच वेळी ४० उपकरणे सांभाळण्यासाठी बनवलेला नसतो, शिवाय तो बहुधा कार्यालयात, दोन भिंतींपलीकडे असतो. वर्गातच छताजवळ शाळा-कार्यालयांसाठीचा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे उपकरण) बसवा, तो राऊटरला कॅट-६ या नेटवर्क केबलने जोडा (एक केबल १०० मीटरपेक्षा लांब नको) आणि टॅब वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ठेवा.

दुसरे कारण अपडेट. ३०० एमबीचे अपडेट ४० टॅबनी एकदम ओढले तर १२ जीबी होतात. १०० एमबीपीएसची पूर्ण लाइन मिळाली तरी १६ मिनिटे जातात, आणि ती पूर्ण कधीच मिळत नाही. आपोआप अपडेट बंद करा, शनिवारी शाळा सुटल्यावर हाताने घ्या. लॉगिनला पासवर्डऐवजी प्रत्येक टॅबच्या पाठीवर क्यूआर चिकटवा. सातवीतल्या मुलाला इंग्रजी पासवर्ड टाइप करायला लावणे म्हणजे तासिका घालवणे. आणि वीज गेली की राऊटरही जातो, टॅब चालू असला तरी. छोटा यूपीएस फक्त राऊटर आणि ॲक्सेस पॉइंटसाठी लावला तरी भागते.

मुलाच्या वहीत संमतीपत्र चिकटवून आले आहे. सही न केल्यास मूल मागे पडेल का?
— पालक, घणसोली

पडू नये, आणि तसे पत्रातच लिहिलेले असावे. सही न करणाऱ्याच्या मुलाला तोच सराव कागदावर मिळाला पाहिजे. कोणती माहिती, कोणाकडे, किती दिवस, आणि संमती मागे घ्यायची तर कोणाला सांगायचे, ही चार उत्तरे पत्रात नसतील तर सही न करता तेवढेच प्रश्न वहीत लिहून पाठवा. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढलात तर आणखी बरे, कारण शंका एकट्या तुमची नसते.

साधन खरेच उपयोगी पडले हे कसे ओळखायचे? कंपनीचा अहवाल तर नेहमी चांगलाच असतो.
— शिक्षिका, ठाणे

अहवालात ‘मुलांनी इतकी मिनिटे वापरले’ असे असेल तर तो बाजूला ठेवा. नवी वस्तू मुले पहिले दोन आठवडे हौसेने वापरतातच. सुरुवातीआधी अ आणि ब दोन्ही तुकड्यांची २० गुणांची कागदी चाचणी घ्या. शिकवणारे शिक्षक एकच ठेवा, फक्त अ तुकडीला साधन द्या. शेवटी तशीच चाचणी घ्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, न सांगता. ४० मुलांच्या सरासरीत एखाद्या गुणाचा फरक योगायोगानेही पडतो. त्याऐवजी तळाच्या दहा मुलांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहा, त्यातून जास्त कळते.

मराठीची परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी घ्या, कारण पुष्कळ साधने हिंदीसाठी बनवून नंतर मराठीत आणलेली असतात. ‘ॲ’ आणि ‘दऱ्या’मधला ऱ्य नीट उमटतो का? ‘ळ’चा ‘ल’ होतो का? ल आणि श यांची शासनाने २००९ च्या निर्णयात ठरवलेली मराठी रूपे दिसतात का? फॉन्टमध्ये ती असली तरी भाषा ‘हिंदी’ निवडलेली असल्यास उमटत नाहीत, तेव्हा आधी सेटिंग बघा. हस्ताक्षर ओळखणारे साधन असेल तर मुलांना फळ्यावर शिकवलेला ल काढायला लावा. बोललेले ओळखणारे असेल तर २१ हा आकडा ‘एकवीस’ आणि ‘वीस एक’ असा दोन्ही प्रकारे वाचून घ्या, कारण बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये दुसरी पद्धतही आली. मूल बरोबर बोलले आणि पडद्यावर लाल फुली आली, तर ती चूक तारखेसह वहीत नोंदवा. दर शुक्रवारी ते पान कंपनीला पाठवा, आणि पुढच्या शुक्रवारी किती चुका दुरुस्त झाल्या ते त्याच पानावर लिहा.