नोहाच्या आधीचा महापूर

प्रश्न: बायबलमधली नोहाच्या नावेची गोष्ट आधीच्या कुठल्या धर्मात होती का?

उत्तर: हो, होती ना! प्राचीन मेसोपोटेमियाच्या (आजचा इराक) धर्मात. तिथल्या निनवे या जुन्या शहरात सापडलेली, गिल्गमेश महाकाव्याची मातीची पाटी १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने ब्रिटिश म्युझियममध्ये वाचली, त्यात इआ देव उतनापिश्तिम नावाच्या माणसाला पुराबद्दल आधीच सावध करतो, मग तो मोठी नाव बांधतो, प्राणी भरतो आणि पूर थांबल्यावर कबुतर, पाकोळी, मग कावळा सोडून बघतो. नोहापण कावळा आणि कबुतरच सोडतो, एवढं बारीक डिटेल जुळणं मला तरी योगायोग वाटत नाही. फरक मात्र मोठाय, तिथे देव पुष्कळ, पुरानंतर नैवेद्याच्या वासाने माशा घोंघावतात तसे गोळा होणारे, आणि बायबलमध्ये देव एकच, तो माणसांच्या दुष्टपणामुळे पूर आणतो.