नेवाड्यातल्या लुनार क्रेटरवर तंबू ठोकून राहता येतं का? ६८ वर्षांच्या बाबांना नेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं कॅलिफोर्नियात राहता, मे महिन्यात बाबा भारतातून येतायत. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. नकाशावर नेवाड्यात ‘लुनार क्रेटर’ हे एका मोठ्या विवराचं नाव दिसल्यापासून त्यांनी तेच धरून ठेवलंय. तिथे रात्री राहायला परवानगी लागते का, गाडी जाते का आणि या वयात त्यांना झेपेल का, एवढं तुम्हाला हवंय.

राहता येतं. परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. बाबांना झेपेल, फक्त झोपायची सोय वेगळी करावी लागेल. मी दोनदा गेलोय. पहिल्या वेळी चांगलीच फजिती झाली, ती सांगतोच, कारण तुमच्या कामाचं बरंचसं त्यातच आहे.

आधी जमिनीचं. नेवाड्याची निम्म्याहून बरीच जास्त जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे आहे. बाबांना सांगताना ‘सरकारी गायरान’ म्हणा, लगेच समजेल. हे खातं १९४६ साली ज्या दोन खात्यांतून तयार झालं, त्यातलं एक चराईचंच होतं. अशा जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस एका ठिकाणी मुक्काम करता येतो. आधी कोणी राहिलं असेल ती मोकळी जागा बघायची, झुडपं चिरडायची नाहीत, कचरा परत न्यायचा. नळ नाही, झाड नाही, मोबाईलला रेंज नाही. रात्री हायवेवर गाडी हळू हाका. रस्त्यावर काळ्या गायी बसलेल्या असतात, त्यांना कुंपण नसतं, आणि धडक झाली तर नुकसानभरपाई मागायला तिथला कायदा तुमच्या बाजूने नाही.

आता अंतर. टोनोपा ते इली या दोन गावांमधला हायवे ६ चा पट्टा सुमारे १६८ मैलांचा आहे आणि मध्ये पेट्रोल पंप नाही. नकाशावर वॉर्म स्प्रिंग्ज असं नाव दिसेल, पण ते ओसाड गाव आहे, पेट्रोलच्या भरवशावर तिथे जाऊ नका. क्रेटरचा फाटा टोनोपाच्या पूर्वेला ७५-८० मैलांवर येतो, तिथून पुढे दक्षिणेला काही मैल खडीचा कच्चा रस्ता. टोनोपात टाकी पूर्ण भरा, अर्धी असली तरी भरा.

माझी फजिती या कच्च्या रस्त्यावर झाली. भाड्याची गाडी होती, टापटीप, नवीकोरी. ज्वालामुखीच्या दगडाची खडी म्हणजे अक्षरशः काचा. मागच्या टायरची बाजू बोटभर चिरली. डिकीतली चटई उचलून बघतो तर स्टेपनीच नाही! स्टेपनीच्या खड्ड्यात थर्माकोलचा साचा, त्यात एक छोटा पंप आणि फेसाची बाटली. त्या फेसाने खिळ्याचं भोक बुजतं, बाजूने फाटलेलं टायर नाही. तीन तास बसलो. मग एका गुरं पाळणाऱ्या आजोबांचा पिकअप आला, त्यांनी टोनोपापर्यंत सोडलं, आणि वाटेत ‘पाणी किती होतं तुझ्याकडे?’ एवढं एकच विचारलं. दोन बाटल्या होत्या. ते काही बोलले नाहीत. टोइंगचा खर्च माझ्याच गळ्यात पडला, कारण करारात बारीक अक्षरांत कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही असं लिहिलेलं होतं. ते मी नंतर वाचलं.

तेव्हा स्वतःची गाडी न्या, पूर्ण मापाची स्टेपनी आहे ना ते डोळ्यांनी बघा, आणि जॅक एकदा घरी लावून पाहा. पाणी माणशी रोज चार लिटर धरा आणि एक दिवस जास्तीचा मोजा. कधी परतणार ते घरी कुणाला तरी लिहून द्या.

तंबू कुठे ठोकायचा? सगळ्यांना क्रेटरच्या काठावर ठोकायचा असतो, मलाही होता. नका ठोकू. उंची सहा हजार फुटांच्या आसपास आहे, संध्याकाळी वारा सुटतो, आणि जमीन म्हणजे भुसभुशीत राख नि खडे. खुंटी ठोकली की आत जाते, ओढली की अलगद बाहेर येते, लोण्यातल्या सुरीसारखी. मी खुंट्यांऐवजी दगडांना दोऱ्या बांधल्या, तरी रात्रभर कापड फडफडत होतं आणि बायको डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या वेळी खाली, एका राखेच्या टेकडीच्या आडोशाला झोपलो. फरक जमीन-अस्मानाचा. मे मध्येही पहाटे पाणी गोठू शकतं, त्यामुळे झोपायच्या पिशव्या थंडीच्या घ्या. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही. आम्ही छोटा कुकर नेला होता, मुगाची खिचडी तीन शिट्ट्यांत झाली. शेकोटी उन्हाळ्यात बऱ्याचदा बंद असते, गॅसची शेगडीच न्या.

आता बाबांच्या आवडीचं. मी मूळचा मेहकरचा, लोणार आमच्या अंगणात असल्यासारखं. लहानपणी एसटीने कितीतरी वेळा गेलोय. त्यामुळे ‘लुनार’ची पाटी बघून मला हसूच आलं. पण गंमत नावापुरती नाही. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकात. त्यामुळे बराच काळ लोक त्याला ज्वालामुखीचंच समजत होते. पुढे १९७० च्या दशकात तिथल्या दगडांत धक्क्याने काचेसारखी झालेली खनिजं सापडली, आणि ते उल्केचं ठरलं. लुनारचं बरोबर उलटं. वरून बघाल तर शप्पथ घ्याल की इथे उल्का पडली असणार: गोल, खोल, भिंती तुटलेल्या. रुंदी सुमारे ३,८०० फूट, खोली ४३० फूट. पण उल्केचा काही संबंध नाही. खालून वर येणारा तप्त शिलारस जमिनीतल्या पाण्याला भिडला, पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि वरची जमीन उडाली. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडला की जे होतं तेच, फक्त एक किलोमीटरभर रुंद. अशा विवराला मार म्हणतात. जगात बऱ्याच मारांमध्ये तळं साचतं, इथे कोरडं. अपोलोच्या अंतराळवीरांना भूशास्त्राच्या सरावासाठी इथे आणलं होतं, आणि १९७३ पासून ही जागा राष्ट्रीय नैसर्गिक स्थळांच्या यादीत आहे.

बाबा दोन्हीकडे उभे राहतील तर फोटो नक्की काढा. लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ, गोमुखाची धार, माकडं, शेंगदाणेवाले. इथे एकही आवाज नाही. काठावर उभं राहिलं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं, खोटं वाटेल पण खरं आहे. आत उतरण्याच्या भानगडीत पडू नका. उतार सुटा आहे. मी पन्नास पावलं गेलो आणि परत फिरलो, चढताना एक पाऊल वर तर दीड पाऊल खाली. काठाने चालायला मात्र मस्त आहे.

वाटेत ईझी चेअर क्रेटर लागतं. नाव बरोबर आहे, समोरून बघितलं की पाठ टेकायची आरामखुर्ची दिसते. इथला काळा दगड हातात घेतला तर कधीकधी त्यात हिरवट, काचेसारखे दाणे चमकतात. तो ऑलिव्हिन, कवचाच्या खालून लाव्ह्यासोबत वर आलेला. बाबांसाठी एक भिंग न्या. दगड मात्र तिथेच राहू द्या, ही माझी विनंती. आणि ज्या डोंगररांगेत हे सगळं आहे, तिचं नाव पॅनकेक रेंज. म्हणजे धिरड्यांचा डोंगर. आम्ही सकाळी मुद्दाम धिरडीच केली.

वेळ असेल तर येता-जाता हायवे ६ च्या उत्तरेला हॉट क्रीक खोऱ्यात ‘फॉल्टलेस’ नावाच्या अणुचाचणीची जागा बघा. १९ जानेवारी १९६८ रोजी तिथे सुमारे ९७५ मीटर खोल एक अणुबॉम्ब फोडला होता, जवळजवळ एक मेगाटनचा. आजूबाजूची जमीन इतकी खचली की बोअरच्या लोखंडी नळीचं तोंड, जे जमिनीला समतल होतं, ते आता डोक्याच्या वर आलंय. नळीवर पितळी फलक आहे. बाकी काही नाही, झुडपं आणि वारा. मला क्रेटरपेक्षा ही जागा जास्त अंगावर आली.

बाबांच्या झोपण्याबद्दल: जमिनीवरून उठणं या वयात त्रासाचं, म्हणून त्यांच्यासाठी घडीची खाट न्या. रात्री लघवीला अंधारात सुट्या खड्यांवर चालावं लागतं, डोक्याला बांधायची बॅटरी आणि घडीची कमोड खुर्ची असली की प्रश्न मिटला. आम्ही सासूबाईंसाठी नेली होती. आधी रुसल्या, नंतर परतीच्या वाटेवर ती सोडायला तयार नव्हत्या. एवढं करूनही थंडीची भीती वाटत असेल तर पहिली रात्र टोनोपात मोटेलमध्ये काढा आणि दिवसभर क्रेटर बघा, तेही वाया जाणार नाही. पण तारीख ठरवताना कॅलेंडरवर अमावास्या बघा. तिथे आकाशगंगा नुसती दिसत नाही, क्षितिजापर्यंत उतरते.

एक राहिलं. लुनार लेक नावाचं पांढरं सपाट मैदान जवळच आहे. कोरडं असेल तर खुशाल फिरा, भेगांच्या षटकोनी फरश्या सुंदर दिसतात. वळीव पडून गेला असेल तर गाडी खाली उतरवू नका. चिखल वरून वाळलेला दिसतो, आणि पिकअपवाले आजोबा रोज येत नाहीत.