पहिल्याच वर्षी वीस कुंड्या नको घेऊस

घरी भाज्या लावायच्या तर कुंड्या नंतर, आधी ऊन बघ. एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी बाल्कनीत डोकावून कुठे किती वेळ ऊन पडतं ते लिहून ठेव, कारण टोमॅटो, मिरची, वांगी यांना रोज निदान 6 तास थेट ऊन लागतं आणि समोरच्या बिल्डिंगची सावली सीझनप्रमाणे सरकते हे कोणी सांगत नाही. 3-4 तासच मिळत असेल तर हट्ट सोड, पालक-पुदिना लाव. पालेभाजीला 15 सेमी खोल ट्रे पुरतो, टोमॅटोला 30 सेमी तरी खोल कुंडी हवी.

गच्चीवर करायचं असेल तर सोसायटीची परवानगी आधी घे, तीही लेखी, आणि वजनाचं बघ, 1 घनमीटर ओली माती दीड टनाच्याही वर जाते, म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट घालून मिश्रण हलकं कर आणि कुंड्या विटांवर ठेव म्हणजे खाली पाणी साचून शेवटच्या मजल्यावरच्यांचं छत गळणार नाही (आमच्याकडे यावरून महाभारत झालंय).

पाणी मात्र ठरवून रोज घालू नकोस, मातीत बोट खुपसून बघ, वरचा इंचभर कोरडा लागला तरच घाल. माझी पहिली सगळी रोपं लाडानेच गेली, मुळं कुजून.