स्मूदीत नक्की काय घालू?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीहून 7 च्या लोकलने निघते, नाश्ता होतच नाही. म्हणून स्मूदी सुरू केली, पण पपई-दुधाची केली ती ट्रेनमध्ये उघडेपर्यंत कडू झाली आणि 11 वाजता परत भूक. काय घालू?

उत्तर : अगं, पपईत पपेन असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं म्हणून कडवटपणा येतो, ताज्या, न शिजवलेल्या अननसाचंही तसंच, ही फळं नुसतीच खा. डब्यात न्यायची तर वेलची केळी नाहीतर चिकू बेस्ट, दोन्ही मुळात गोड, साखर लागतच नाही. भूक लागते कारण नुसती फळाची पातळ स्मूदी पोटात टिकत नाही गं, त्यात घट्ट दही अर्धी वाटी, रात्री भिजवलेले 4-5 बदाम आणि 1 चमचा नाचणी सत्त्व घाल, पण सत्त्व आधी पाण्यात शिजवून गार कर, कच्चं नको. माझं तर नाचणीवर फार प्रेम आहे, 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, मग महागड्या परदेशी पावडरी कशाला! सब्जा घालायचा तर आधी 15 मिनिटं पाण्यात भिजव, दाण्याभोवती पांढरं जेलीसारखं आवरण फुगलं की झाला. आणि प्लीज गाळू नकोस, बरंचसं फायबर गाळणीतच राहतं. घरात कोणाला डायबेटिस असेल तर त्यांचा चिकू आणि खजूर डॉक्टरांना विचारूनच.