पेन्यांची बरणी आणि दीड हजार डॉलर

प्रश्न: न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या घरातलं सामान विकायला काढलंय. त्यात जुन्या 2000 पेन्यांची (एका सेंटच्या अमेरिकी नाण्यांची) बरणी आहे, शिवाय 1943 ची एक तांब्याची पेनी आणि एक 1914-डी. सगळ्याचे मिळून 1500 डॉलर मागतायत. अडीनडीला ठेवलेल्या पैशांतून घेऊ का?

उत्तर: या भावाला घेऊ नका. बरणीचा हिशोब सोपा आहे. 1909 ते 1958 मधल्या, मागे गव्हाच्या ओंब्या असलेल्या पेन्या अब्जावधींनी निघाल्या. व्यापारी घाऊकात नगामागे तीन-चार सेंट देतो. म्हणजे 2000 चे 60 ते 80 डॉलर. मोजत बसू नका, वजन करा: एक पेनी 3.11 ग्रॅमची, तेव्हा नाणी सव्वासहा किलोच्या आसपास भरायला हवीत. वितळवून तांबं विकायचा विचार असेल तर तो सोडा, 2006 पासून त्यावर बंदी आहे.

म्हणजे उरलेले 1400 डॉलर दोन नाण्यांचे.

1943 मध्ये तांबं युद्धाकडे वळवल्यामुळे पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची होती. त्या सालच्या तांब्याच्या खऱ्या पेन्या मोजक्याच, आणि त्या लाखाच्या वर डॉलरला जातात. बरणीसोबत फुकटात पडत नाहीत. चुंबक लावा. चिकटली तर पोलादावर तांब्याचं पाणी चढवलंय. नाही चिकटली तरी हुरळू नका: 1948 मधला 8 खरवडून 3 केला, तर वजनही बरोबर येतं आणि चुंबकही गप्प बसतो. खऱ्या नाण्यात 3 ची शेपटी शेजारच्या अंकांच्या खाली उतरलेली असते. साधी पोलादी पेनी किरकोळ किमतीत मिळते, ती शेजारी ठेवून भिंगातून ताडून बघा.

1914-डी मधला ‘डी’ म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ; तिथे त्या साली फक्त 11,93,000 निघाल्या. खरी असेल तर झिजलेलीसुद्धा दीडशे-दोनशे डॉलरची. पण 1944-डी मधला पहिला 4 कोरून 1 करण्याची लबाडी जुनी आहे. तशा नाण्यात 9 आणि 1 मध्ये नको इतकी फट दिसते. नाण्यावरच्या लिंकनच्या खांद्याच्या कडेला ‘व्हीडीबी’ ही शिल्पकाराच्या नावाची बारीक आद्याक्षरं दिसली तर विषयच संपला, कारण ती तिथे 1918 पासून आली. साध्या 1914 वर चिकटवलेला ‘डी’ मात्र घरच्या भिंगातून कळेलच असं नाही. म्हणून पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत असेल तरच या नाण्याचे वेगळे पैसे द्या, तेही व्यापारी किती देईल ते विचारून. भावाच्या पुस्तकातला आकडा हा गिऱ्हाईक व्यापाऱ्याला देतं तो असतो, व्यापारी तुम्हाला देतो तो नव्हे.

अडीनडीच्या पैशाला हात लावू नका. हे नाणं रात्रीत मोडता येत नाही, आणि वर्षभरानंतर विकून नफा झाला तर शेअरसारखी सवलत नाही, कर 28 टक्क्यांपर्यंत जातो.

हौस असेल तर बरणीचे 70 डॉलर सांगून पाहा. मिळालीच तर चिंच किंवा पितांबरी लावू नका. घासलेल्या नाण्याचा भाव तिथेच अर्ध्यावर येतो.